मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्सवरच्या व्हीएमचा बॅकअप कशात घ्यावा?

मंडळी, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर मी बघतो. प्रॉक्समॉक्सवर (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सात-आठ व्हीएम, म्हणजे आभासी मशीन आहेत, त्यात टॅली आणि एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) महत्त्वाचे. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन १० वर्कलोडपर्यंत (व्हीएम, सर्व्हर वगैरे) फुकट आहे आणि १२.२ आवृत्तीपासून त्यात प्रॉक्समॉक्सही चालतं. दुसरा पर्याय प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. तो बदललेला डेटाच पाठवतो, डीडुप्लिकेशन करतो, म्हणजे तोच डेटा पुन्हा साठवत नाही. माझं मन तिकडेच ओढतंय.

पण मालकांना अख्खी मशीन कधीच नको असते, कालचा एकच डेटाबेस परत हवा असतो! तो कशात सुटसुटीत मिळतो? विंडोजमध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा, प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्राम) टाकला तर चालू डेटाबेसचा बॅकअप भरवशाचा येतो का?

दुसरी प्रत सीताबर्डीच्या ऑफिसात ठेवायची आहे. साध्या ब्रॉडबँडवर रात्रीतून सिंक होईल, की डिस्कच नेत बसू? रिस्टोअर स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगा, ब्रोशर ढिगाने आहेत माझ्याकडे.