विषय: उत्तर: शनिवारचं हळदीकुंकू – हॉलच्या चढाचं काय?

नीलिमा:
मंडळी, हॉलवाल्यांचा निरोप आलाय, काल फिनलंडच्या या थंडीत पाऊस पडून चढावर बर्फाची काच झाली आहे. गेल्या वर्षीची आठवण सगळ्यांना आहेच. करायचं की पुढे ढकलायचं? आज रात्रीपर्यंत कळवा, तिळगूळ वळून झालाय.

मिलिंद:
ताई, टाम्पेरेहून येणाऱ्यांना काही अडचण नाही. हायवेच्या कॅमेऱ्यात डांबर काळं दिसतंय. मुख्य रस्त्यावर घर्षणांक (टायरला मिळणारी पकड) 0.30 राखायचा असतो, थंडी वाढली तर 0.25. कंत्राटदार मीठ मारतातच.

अविनाश:
मिलिंद, हायवेचं विचारलंय कुणी? शेवटचा तुकडा खाजगी रस्ता आहे, तो तिएकुंताकडे, म्हणजे तिथल्या रस्तामालकांच्या मंडळाकडे. तिथे ना 0.30 ची अट, ना मिठाची गाडी. घर्षण मोजणं माझं रोजचं काम आहे म्हणून सांगतो: ताशी 60 ला ब्रेक दाबला की कोरड्या डांबरावर (0.7) गाडी 20 मीटरमध्ये थांबते, 0.30 ला 47, 0.15 ला 94. ओला बर्फ तर 0.1 च्याही खाली जातो. शनिवारी तापमान शून्याच्या आसपास आहे. त्यापेक्षा उणे 15 परवडलं.

सुजाता:
गेल्या वर्षी आमचीच गाडी घसरली होती, तर एकदा स्पष्ट करते. टायर बर्फावरचे, खिळ्यांचेच होते. उगाच ‘ऑल सीझन’ची अफवा पसरवू नका.

मिलिंद:
सुजाता, तुमचं नाव कुणीच घेतलं नाही. शनिवारी सकाळी मी जाऊन ब्रेक मारून फोनवरच्या अ‍ॅपने घर्षण मोजतो, मग ठरवू.

अविनाश:
फोन डॅशबोर्डवर जरा हलला की आकड्याची वाट लागते. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरेपर्यंत ब्रेक दाबायचा, तोही चार-पाच ठिकाणी. शिवाय चढ. रस्ता 8 टक्के चढाचा असेल तर वर जाताना 0.15 चे 0.23 दिसतील आणि तू खूश होशील. उतरताना हातात राहतात 0.07. आमच्या गाडीवर इन्फ्रारेड सेन्सर आहे, पण तो पाणी, बर्फ, हिमाचा थर बघून अंदाज बांधतो. वर खडी टाकली तर तिची पकड त्याला धड कळत नाही. म्हणून खडीनंतर ब्रेक मारूनच बघावं लागतं.

देशपांडेकाका:
मोजाल रे सगळे, पण खडी टाकणार कोण? गोण्या स्टोअरमध्ये गणपतीच्या मखरामागे आहेत. चावी माझ्याकडे आहे. मला विचारल्याशिवाय कुणी कुलूप उघडू नये, मागे समई हरवली ती अजून सापडलेली नाही.

सुजाता:
समई कार्यकारिणीकडे होती, काका.

नीलिमा:
समईचं नंतर. कार्यक्रम होणार. गाड्या खाली बसथांब्यापाशी लावायच्या, वर कुणीही गाडी नेणार नाही, मिलिंद तूसुद्धा. काका, शुक्रवारी संध्याकाळी चावी घेऊन या. अविनाश आणि मिलिंद खडी टाकतील. वाणाच्या पिशव्या वर न्यायला घसरगाडी कुणाकडे आहे?

रेणू:
आमच्याकडे दोन आहेत. पैठणीखाली खिळ्यांचे बूट चालतील ना?