मदत हवी आहे: कोयनेचं खोरं, मुलांना वासोटा किल्ला आणि आबांना बुडालेलं गाव, एका फेरीत जमेल का?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत तीन दिवस कोयना खोऱ्यात काढायचं घाटतंय. आम्ही पाच जण: मी, बायको, मुलगा १३, मुलगी ९ आणि आबा, म्हणजे माझे वडील, वय ७३. पुण्याहून स्वतःची गाडी.

मुलांना वासोटाच हवाय. बामणोलीहून बोटीने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पार करायचा, मेट इंदवलीला उतरून जंगलातून वर चढायचं, हे त्यांचं पाठ झालंय. मी कॉलेजात असताना वासोटा केला होता, पण परवानग्या मित्राने काढल्या आणि मी नुसता बोटीत बसलो. त्यामुळे माझा अनुभव कुचकामी.

खरी अडचण आबांची. त्यांचं जन्मगाव कोयना धरणात गेलं. पाणी चढलं तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे असतील. आजोबांना रायगड जिल्ह्यात जमीन मिळाली, भावकी पांगली. आबा नंतर महाबळेश्वरला चारदा गेले, पण खाली जलाशयाकाठच्या तापोळ्याला एकदाही उतरले नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही. या वेळी बेत ऐकून आपणहून म्हणाले, "मी पण येतो. देवळाचं जोतं दिसतं का बघू."

आता डिसेंबरात धरण जवळजवळ तुडुंब असणार, जोतं कुठून दिसायचं? आणि पाणी उतरलेलं असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, मुलांना घेऊन वासोटा चढायचा म्हणजे उन्हाने जीव जाईल. दोन्ही साधेल असा मधला महिना आहे का? आबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, त्यांना बोटीत चढता-उतरता येईल का? कोयनानगर-नवजा त्याच फेरीत होईल का? राहायला बामणोली बरी की तापोळा?

घाटवाट:
वासोट्याचं आधी सांगतो. तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, कोयना अभयारण्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. बामणोलीला काम होतं. सगळ्यांची ओळखपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स न्या. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून एखादा गट जोडीला मिळाला तर बघा. बोटीत तास-दीड तास जातो आणि चढाईला दोन-अडीच तास धरा. मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराच्या आत परत फिरावंच लागतं. म्हणून सकाळची पहिली बोट धरा. दहाला निघालेले लोक बाबू कड्यावर पाच मिनिटं उभे राहतात आणि पळत खाली येतात. असला वासोटा न केलेला बरा.

वाट झाडीतून आहे, नऊ वर्षांची मुलगी सहज चढेल. वर खायला काही मिळत नाही, डबा बामणोलीत आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आबांना मात्र वर नेऊ नका. गुडघ्याचा कस उतरताना लागतो.

आणि वाटेत कास लागेल, तिथे डिसेंबरात फुलं शोधू नका. तो हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा.

खोरेकर:
आमचंही निम्मं गाव खाली आहे, म्हणून लिहितो. मधला महिना वगैरे काही नसतो हो. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून पोफळीला वीज करतात आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राला सोडतात. पातळी किती उतरेल ते त्या वर्षीचा पाऊस आणि विजेची ओढ यावर ठरतं. मार्चमध्ये नुसती गाळाची पट्टी दिसते. जोती, दगडी पायऱ्या, पार हे बघायचं असेल तर मे महिना, आणि पाऊस कमी झालेल्या सालात जास्त.

पण मेमध्ये दुसरी गंमत. पाणी मागे सरलं की बोट काठापासून लांब थांबते आणि पुढे भेगाळलेल्या गाळातून, दगडांतून चालावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला ते वासोट्यापेक्षा वाईट. बरोबर दोन धडधाकट माणसं आणि एक काठी हवीच.

गाव नेमकं कुठलं? सोळशी नदीच्या अंगाला की कांदाटीच्या? काही भाग अभयारण्यात येतो, तिथे बोट मनाला येईल तिथे लावता येत नाही. जुने बोटवाले पाण्याकडे बघून "हे अमक्याचं शिवार, इथे तमक्याचं देऊळ" असं सांगतात. त्यांना गावाचं नाव सांगितलंत तर डिसेंबरातही बरोबर त्या जागेवर नेऊन इंजिन बंद करतील.

पायपीट_पाटण:
कोयनानगर त्याच फेरीत कोंबू नका. नकाशात तलाव एकच दिसतो, पण बामणोलीहून कोयनानगरला जायचं म्हणजे परत साताऱ्याला या, मग उंब्रज, पाटण असा वळसा. अर्धा दिवस गाडीतच. नवज्याचा ओझर्डे धबधबा बघायचा तर पाऊस ओसरता ओसरता या, डिसेंबरात त्याचा जोर गेलेला असतो. त्यापेक्षा दोन रात्री बामणोली, एक तापोळा. तापोळ्याला तराफ्यावर गाड्या चढवून पलीकडे नेतात, ते मुलांना गडाइतकंच आवडेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. खोरेकर, गाव कांदाटीच्या बाजूचं. नाव व्यनि (खाजगी निरोप) करतो, भावकीतलं कुणी वाचत असेल तर लगेच फोन येतील.

काल जेवताना आबांना दोन्ही पर्याय सांगितले. इंजिन बंद करून जागा दाखवतात, हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नुसतं पाणी बघायला मी कशाला येऊ?" तेव्हा डिसेंबरात आम्ही चौघं वासोटा करणार आणि मेमध्ये मी, आबा आणि धाकटा काका. कोयनानगर रद्द.

आता दोनच गोष्टी सांगा. मेमध्ये बोट भल्या पहाटे मिळते का? दहाच्या आत आबांना सावलीत आणायचंय. आणि काठावरच्या गाळातून प्लास्टिकची खुर्ची उचलून न्यायला बामणोलीत दोन माणसं मिळतील का? खुर्ची आम्ही आणू.