तारकर्लीला जाणारे सगळे कंजूष? क्रूझवाल्यांना एक उत्तर

सातरस्ता
परवा आपल्या सोलापूरकरांच्या ग्रुपवर ‘डेक नंबर नऊ’ यांनी फोटोंचा ढीग ओतला आणि खाली लिहिलं, “ज्याने क्रूझ केली नाही त्याने फिरणं म्हणजे काय ते बघितलंच नाही. गाडी दामटत तारकर्ली-गोव्याला जाणारे निव्वळ कंजूष. एका तिकिटात राहणं, खाणं, बेटं, शो. याहून स्वस्त काही नाही.” मी गप्प बसणार होतो. पण खाली ‘एकदम खरंय सर’ची रांग लागलेली बघितली आणि राहवेना.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायची घाई करू नका. आम्हीही जाऊन आलोय. सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. आई-बाबा, भाऊ-वहिनी, पोरं, अख्खी वरात.

‘एका तिकिटात सगळं’ ही पहिली थाप. जाहिरातीतला आकडा एका खोलीत दोघं धरून माणशी असतो. त्यावर पोर्ट चार्ज, कर, आणि रोजची माणशी ग्रॅच्युइटी. म्हणजे टिप, पण तुम्हाला न विचारता बिलात लावलेली. कोल्ड्रिंकचं पॅकेज वेगळं, वायफाय वेगळं. ज्या मेणबत्तीवाल्या टेबलावर फोटो काढलेत ना सर, त्या रेस्टॉरंटचे पैसेही वेगळे. स्वस्तातली खोली आतली, तिला खिडकी नाही. उजाडलं का ते मोबाईलमध्ये बघायचं. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो, कारण जहाज बाहेर जाऊन परत तिथंच येतं. हे आम्हाला एजंटानं ऐनवेळी सांगितलं.

आता बेटं. फुकेतला आमचं जहाज पातोंगसमोर समुद्रातच नांगर टाकून उभं राहिलं. पुढं छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जायचं. त्यासाठी आधी थिएटरात बसून नंबर पुकारायची वाट बघायची, सिव्हिलच्या ओपीडीसारखी. जहाजाच्या पोटातल्या दारातून बोटीत पाय टाकायचा, तर बोट लाटेबरोबर फूटभर खाली जाते आणि वर येते. आई नऊवारीत. दोन्ही बाजूंनी दोन पोरांनी तिचे कोपर धरले, बोट वर यायची वाट बघितली, एकानं मान हलवली आणि अलगद उचलूनच आत ठेवली. त्या पोरांना माझा दंडवत. पण आईनं त्यानंतर दिवसभर बेट बघितलंच नाही, परत चढायचं कसं याचाच घोर.

तिथून स्पीडबोटीनं फी फी बेटांवर. ती प्रसिद्ध माया बे २०१८ मध्ये बंद केली होती, कारण बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी प्रवाळ मेलं होतं. २०२२ मध्ये उघडली, पण आता बोटी पुढून येऊच देत नाहीत. मागच्या बाजूला उतरायचं, फळ्यांच्या वाटेनं चालत जायचं आणि पाण्यात गुडघ्याच्या पुढं गेलं की शिट्टी. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण एवढा खर्च करून पोरांनी काय केलं? वाळूत उभं राहून फोटो. मग पळत परत, कारण उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

आणि फाइन डायनिंग! भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध दोन घास आणि शेजारी सॉसचा एक फराटा. बाबांनी ते संपवून वेटरला विचारलं, “चव बघितली, छान आहे. आता जेवण आण.” मला हिंदी करून सांगावं लागलं.

तारकर्लीत समुद्र पायाला लागतो. क्रूझवर तो चौदाव्या मजल्यावरून दिसतो. कंजूष म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

डेक नंबर नऊ
नाव घेऊन लिहिलंत, बरं वाटलं. आता ऐका. खोली सगळ्यात स्वस्त घेतली तुम्ही, अटी वाचल्या नाहीत तुम्ही, आणि फुकेतच्या फेरीत आईला स्पीडबोटीत बसवलं तेही तुम्हीच. दोष जहाजाचा? पेनांगला जहाज जॉर्ज टाऊनच्या धक्क्यालाच लागतं, चालत गावात जाता येतं. जुनी पेठ, देवळं, तमिळ खानावळी. त्याबद्दल एक ओळ नाही तुमच्या निबंधात.

माझ्या वडिलांना शुगर, आईचे गुडघे गेलेले. गोव्याला नेलं तर रोज हॉटेल, गाडी, ऊन, बॅगा भरा, बॅगा सोडा. जहाजावर बॅग एकदा उघडली की विषय संपला. सगळीकडे लिफ्ट, डॉक्टर जहाजावर. आई पहिल्यांदा आमच्यासोबत ‘फिरली’. आधीच्या ट्रिपांमध्ये ती गाडीत बसून राहायची.

आणि हो, रात्री बाराला शॉवर सोडला तरी फुल्ल प्रेशर. सोलापूरच्या माणसाला एवढ्यानंच पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

कडकभाकरी
बे शेवटच्या ओळीला माझे दहा लाईक. समुद्राच्या मध्यात चोवीस तास पाणी आणि आमच्या शेळगीत पाचव्या दिवशी पहाटे साडेतीनला. तेही चावीवाल्याचा मूड असेल तर. क्रूझ राहू दे, आधी हे बोला.

सातरस्ता
मालक, विषय क्रूझचा आहे.

कडकभाकरी
हाच विषय आहे की ओ. जहाजावर हजारो माणसं, खाली खारट पाणी. तिथं जमतं. इथं उजनी धरण भरलं की ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आणि आम्ही बॅरल मांडून बसतो.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीत इंजिन साईडला आहे, घर जुळे सोलापूर, म्हणून बोलतो. जहाजावर पाणी दोन तऱ्हेनं होतं. एक, इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून वाफेचं पाणी करायचं. आत दाब कमी ठेवतात, त्यामुळं ते शंभर डिग्रीच्या बऱ्याच खाली उकळतं. दोन, आरओ, म्हणजे प्रचंड दाबानं जाळीतून ढकलायचं. दोन्हीला इंधन लागतं आणि त्याचे पैसे तुमच्या तिकिटात असतात. शहराशी तुलना करू नका. जहाजावर पाईप फुटला तर तासात दुरुस्त होतो, कारण कॅप्टनलाही त्याच पाईपचं पाणी आहे.

कडकभाकरी
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कुणीतरी.

माढ्याचा
उजनीचं नाव निघालं की पुढं ऊसवाल्यांना शिव्या येणार हे ठरलेलं. म्हणून आधीच सांगतो, धरणात आमच्या जमिनी गेल्यात. तुम्ही क्रूझवर शॉवर घ्या.

कडकभाकरी
शिव्या कुणी दिल्या? पण विषय तुम्हीच काढला म्हणून विचारतो. गावोगाव साखर कारखाना, ऊस पाण्यावाचून येत नाही, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली. गणित कुणी करायचं?

माढ्याचा
गणित करा की. शहरासाठी पाणी वर्षानुवर्षं भीमेतून औज बंधाऱ्यापर्यंत सोडत आलेत. एवढ्या लांब कोरड्या नदीतून! निम्मं वाळूत मुरतं, वाटेत मोटारी लागतात त्या वेगळ्या. बंद पाईपनं नेलं असतं तर तेवढ्यात तुमचं शहर वर्षभर न्हालं असतं. उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीच्या बातम्या वाचत आमची पोरं म्हातारी झाली. तो दोष उसाचा आहे का?

हडपसरवासी
दोघंही बरोबर आहात, म्हणूनच आमच्यासारखे पुण्याला पळाले. इथं टँकर आहे, पण निदान पैसे देऊन येतो.

कडकभाकरी
पळालेल्यांनी पाण्यावर बोलू नये.

माढ्याचा
यावर आपलं एकमत.

हडपसरवासी
सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला मात्र दरवर्षी येतो, तेवढा हक्क ठेवा. आणि विमानतळाबद्दल कुणी का बोलत नाही? होटगी रोडची धावपट्टी माझ्या शाळेपासून बघतोय. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला, मग कुठं विमान दिसलं. सिंगापूरला जायला आधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, तिथं दिवस काढा, मग…

सातरस्ता
चिमणी नको. हात जोडतो, चिमणी नको. तो धागा वर्षभर चालेल.

पेठेतली सून
सगळे पुरुष पाणी, ऊस, चिमणी. मी क्रूझवर बोलते, चालेल ना?

सातरस्ता दादा, तुमच्या वरातीतल्या वहिनींना विचारलंत का त्यांना कसं वाटलं? आम्ही मुंबईहून लक्षद्वीपच्या बाजूला जाणाऱ्या जहाजानं गेलो होतो. वारा होता म्हणून बेटावर उतरवलंच नाही, कॅप्टननं माईकवर सांगितलं आणि जहाज वळलं. नवरा दोन तास काउंटरवर भांडला. मला काडीचं दुःख झालं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सकाळी कुणी मला ‘चहा झाला का’ विचारलं नाही. सासऱ्यांनी कप घेतला, स्वतः मशिनखाली धरला, साखर कुठंय ते स्वतः शोधलं. मी खुर्चीतून बघत होते.

तुमच्या लाडक्या तारकर्लीत होमस्टेच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंसाठी बिनकांद्याचं मीच करून दिलं होतं. समुद्र पायाला लागतो म्हणे. लागतो की, भांडी घासून झाल्यावर.

डेक नंबर नऊ
ताई, नमस्कार. सातरस्तासाहेब, आता बोला.

सातरस्ता
बोलायला ठेवलंय काय? वहिनीला विचारलं आत्ता. म्हणाली, “जेवण मलाही नाही आवडलं, पण ते मी केलेलं नव्हतं.” घ्या, एक मुद्दा तुमचा. पेढे वाटा. पण मग पोस्टमध्ये हे लिहायचं होतं, ‘कंजूष’ कशाला लिहिलंत?

शिवाय ताई, सुट्टीत बाईनं चहा करू नये यासाठी समुद्रात जहाज कशाला सोडायला लागतं? ते घरातल्या पुरुषांचं काम आहे.

पेठेतली सून
बरोबर. आज संध्याकाळपासून सुरू करा, फोटो टाका.

निवृत्त मास्तर
तरुणांचा वाद रंगला आहे. आमची सौभाग्यवती रत्नागिरीकडची. तिच्या लहानपणी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गोव्याकडे बोट जात असे. डेकवर वळकटी पसरून माणसे झोपत, डब्यात दशम्या, उलट्या होत म्हणून जवळ लिंबू. त्यास कोणी क्रूझ म्हणत नसे. तिच्या आजीने मात्र बोटीत कधी पाऊल टाकले नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. दिवस गटारी अमावास्येचा. आमच्या घरी आजही पाण्यावरच्या प्रवासाचा विषय निघाला की हीच आठवण निघते. मुलगा तिकिटे काढतो म्हणतो, ही नको म्हणते. सुरक्षिततेविषयी कोणी जाणकार सांगेल काय?

दर्यावर्दी
मास्तर, भीती रास्त आहे, पण ती पावसाळ्यात निघालेली छोटी बोट होती. आताची मोठी जहाजं हवामान बघून वाट बदलतात, वर ताईंचं बेट हुकलं ते त्यामुळंच. बंदर गाळायचा अधिकार तिकिटाच्या अटीतच असतो, काउंटरवर भांडून उपयोग नाही. लाईफबोटी आणि लाईफराफ्ट (तराफे) मिळून सगळ्यांना जागा असावी लागते. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर चढली, ३२ माणसं गेली. काही प्रवासी नुकतेच चढलेले, त्यांची ड्रिलच, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीमच, झाली नव्हती. आता जहाज निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर ड्रिल घ्यावीच लागते. आपले लोक नेमके तेव्हाच बुफेला पळतात. आजींना तेवढं करायला लावा.

खोली मधल्या भागातली, खालच्या डेकची घ्या. हेलकावा सगळ्यात कमी तिथं. आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा, नुसतं सॅनिटायझर नको. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ आणणारा नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही.

कडकभाकरी
आमच्या आईनं शेंगा चटणी आणि कडक भाकरीची चळत बांधून नेली होती. चढतानाच काढून घेतली, घरचं खाणं चालत नाही म्हणे. आई त्या पोराला म्हणाली, “महिनाभर टिकते बाबा, खा तू.” क्रूझला माझा विरोध फक्त एवढ्या एका मुद्द्यावर आहे आणि तो कायम राहील.

डेक नंबर नऊ
पाकीटबंद चटणी आमच्या बॅगेतून गेली होती. कुणी बघितलंसुद्धा नाही.

सातरस्ता
म्हणजे नवव्या डेकवर मेणबत्ती लावून शेंगा चटणी खाल्लीत! आणि फोटो कशाचा टाकलात, तर त्या सॉसच्या फराट्याचा.

डेक नंबर नऊ
खाल्ली. ब्रेडबरोबर. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबानंही मागितली. ‘कंजूष’ शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट जशीच्या तशी. आईचे गुडघे घेऊन गोव्याला जा आणि मग माझ्याशी बोला.

सातरस्ता
शब्द मागे घेतला, भरून पावलो. मी मे महिन्यात तारकर्लीलाच जाणार. चहा मी करणार, ताईंनी बघितलंय म्हणून जाहीर करतो.

माढ्याचा
मे महिन्यात उजनी किती टक्के असेल ते आत्ताच लिहून ठेवा कुणीतरी. मग परत येतो भांडायला.

निवृत्त मास्तर
दर्यावर्दी, मधला भाग म्हणजे नेमका खोली क्रमांक कसा ओळखावा? मुलगा आज रात्री तिकिटे काढतो आहे. हिला अजून सांगितलेले नाही.