उन्हाळी टॉप विणायचाय: डीके कॉटन, बांबू की कॉटन-लिनन?

सुलट_उलट:
लोकरीचे स्वेटर नेहमी विणते, सुती टॉप पहिल्यांदाच विणणार आहे. पॅटर्न साधा आहे: अर्ध्या बाह्या, सुलट वीण, खालच्या पट्टीला आणि गळ्याला एक सुलट-एक उलट. त्यात डीके (डबल निटिंग, मध्यम जाडीचं) सूत, ४ मिमी सुया आणि १० सेंमीत २२ टाके दिलेत. मला टॉपचा घेर १०० सेंमी आणि लांबी ५२ सेंमी हवी आहे. तीन पर्याय समोर आहेत:
१. मर्सराइज्ड कॉटन डीके, ५० ग्रॅमला ११० मीटर
२. बांबू व्हिस्कोस, फोर प्लाय (डीकेपेक्षा बारीक सूत)
३. कॉटन-लिनन निम्मं-निम्मं, फोर प्लाय, ५० ग्रॅमला १७० मीटर
अंगाला गार वाटावं आणि चार धुण्यांत लोंबू नये, एवढीच अपेक्षा. कोणतं घेऊ आणि किती?

धागेदोरे:
तिसरं घ्या. सुती टॉप बिघडतो तो वजनाने, म्हणून आधी वजनाचा हिशेब बघा. तुमच्या मापाला डीकेचं साधारण ६५० मीटर सूत लागेल, म्हणजे टॉप ३०० ग्रॅमच्या आसपास जाईल. फोर प्लाय थोडं सैल, १० सेंमीत २४ टाके असं विणलं तर ७०० मीटर लागेल, पण वजन २०० ग्रॅमच्या जवळ राहील. हे सगळं वजन दोन खांद्यांवर येतं. प्रत्येक खांदा १० सेंमी धरला तर डीकेत दर सेंटीमीटरला १५ ग्रॅम आणि फोर प्लायमध्ये १० ग्रॅम. मुंडे खोल होणं, गळा उतरणं हे सगळं इथूनच सुरू होतं. खांद्याऐवजी ४-४ सेंमीचे पट्टे केले तर भार अडीचपट होतो, त्यामुळे पट्ट्यांच्या टॉपला डीके कॉटन वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकर ताण सुटला की परत आखडते, कारण तिचा तंतू मुळातच कुरळा असतो. कापूस आणि लिननमध्ये ही ओढ जवळजवळ नसते. लोकरीच्या अंदाजाने सुती कपडा विणला की तो मोठा होतो तो यामुळेच.

मर्सराइज्ड कॉटन वाईट नाही. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने त्याला चमक आणि ताकद येते, रंगही खुलतो, आणि टाके स्वच्छ उठून दिसत असल्याने जाळीच्या विणीला ते छान. पण साध्या सुलट विणीत तीच चमक हाताचा प्रत्येक कमी-जास्त ताण दाखवते.

लिनन हाताला सुरुवातीला कडक, थोडं दोरीसारखं लागेल. घाबरू नका, दोन-तीन धुण्यांत मऊ होतं. घाम शोषतं आणि लवकर वाळतं. सुरकुत्या मात्र पडतात.

सुईवरचा_टाका:
वर सांगितलंय ते बरोबर, पण तुकडा विणून टांगल्याशिवाय टाके घालू नका. किमान १५ × १५ सेंमीचा तुकडा विणा, ३.५ किंवा ३.७५ मिमी सुयांवर. टॉप जसा धुणार तसाच धुवा, सपाट वाळवा, मोजा. मग वरची कड हँगरला चिमट्यांनी लावा, खालच्या कडेला ३०-४० ग्रॅम भरतील इतके चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी टांगलेलाच मोजा.

समजा आधी १० सेंमीत २३ टाके, ३२ ओळी होत्या आणि टांगल्यावर २४ टाके, ३० ओळी झाल्या. म्हणजे तुकडा लांबीला वाढला, रुंदीला आवळला. पहिल्या मापावर गेलात तर २३० टाके घालाल आणि घेर ९६ सेंमीच भरेल. १६६ ओळी विणाल आणि टॉप ५५ सेंमीपर्यंत उतरेल. टांगलेल्या मापाने २४० टाके आणि १५६ ओळी लागतात. सुती कामात हाच आकडा खरा.

किती सूत घ्यायचं तेही याच तुकड्यावरून ठरवा. समजा तो ९ ग्रॅम भरला. क्षेत्रफळ २२५ चौ. सेंमी, तुमच्या टॉपचं बाह्या धरून अंदाजे ५००० चौ. सेंमी. ५००० भागिले २२५ गुणिले ९ म्हणजे २०० ग्रॅम. वर १५ टक्के धरून २३०, म्हणजे ५० ग्रॅमचे ५ गोळे. सगळे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत रंगवलेले घ्या. सुती रंगांतला फरक साध्या विणीत आडवा पट्टा होऊन दिसतो.

जाळीकाम:
बांबूबद्दल कोणी काही बोललं नाही. अंगाला सर्वात गार आणि मुलायम तेच लागतं, त्याची पडण तर सुंदरच. अडचण अशी की ते व्हिस्कोस आहे, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून बनवलेला तंतू. कापूस ओला झाला की मजबूत होतो, व्हिस्कोस मात्र ओलं असताना कमकुवत होतं. धुताना कपडा पाण्यातून एका टोकाने उचलला की तिथेच ताणला जातो. शंभर टक्के बांबू घ्यायचंच असेल तर टॉप आखूड ठेवा, बाजूंना शिवण द्या आणि जाळीची वीण टाळा. नाहीतर कॉटन-बांबू मिश्रण घ्या.

विकत घेण्याआधी आणखी एक बघा. टोकाशी धागा उलटा फिरवून पीळ सोडा आणि किती बटा (धाग्यातले सुटे पदर) निघतात ते मोजा. तीन-चार बटा घट्ट पिळलेल्या असतील तर उत्तम. एकाच बटेचं सूत असेल तर सुलट वीण तिरकी जाते, बाजूची शिवण फिरून पोटावर येते आणि ती कितीही धुवा, सरळ होत नाही. बटा अगदी सैल असतील तर सुई धाग्याच्या मधून घुसते. अशा सुताला बोथट टोकाच्या सुया घ्या.

सुलट_उलट:
मनापासून आभार, कॉटन-लिनन नक्की केलं. आता दोन शंका. पॅटर्न २२ टाक्यांचा आहे, मी २४ वर विणणार, मग आकडे कसे बदलू? आणि खालची पट्टी सुटी पडेल का?

धागेदोरे:
आकडे बदलायची गरज नाही, माप बदला. तुम्हाला २४० टाके हवेत. पॅटर्नमध्ये २२ च्या हिशेबाने २४० टाके म्हणजे सुमारे १०९ सेंमीचा घेर. त्या मापाचे टाके घ्या, सगळ्या लांब्या मात्र तुमच्या मापाच्या सेंटीमीटरमध्ये ठेवा. मुंड्याची खोली पॅटर्नने ओळींत दिली असेल तर ती सेंमीत करून तुमच्या ओळींनी पुन्हा मोजा, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

पट्टी सुटी पडणारच, कारण आवळून धरायला सुतात ओढ नाही. त्यासाठी सुया दोन नंबर बारीक घ्या, म्हणजे अंगाला ३.५ तर पट्टीला २.७५. सुलट टाके मागच्या बाजूने सुई घालून विणा. टाका पिळला जातो आणि पट्टी घट्ट बसते.

सुईवरचा_टाका:
एक भर घालते. खांदे आणि मागच्या गळ्याला आतून क्रोशेच्या सुईने साखळीची एक सपाट ओळ घाला, टाक्याला टाका न घेता विणीच्या चार टाक्यांमागे साखळीचे तीन. तेवढी ओळ पुढे कधी वाढत नाही. धागा बदलताना लोकरीसारखा ओला करून चोळून जोडता येत नाही, म्हणून नवा गोळा बाजूच्या शिवणीपाशीच सुरू करा आणि १५ सेंमी टोक सोडा. लिनन निसरडं असतं, टोक एकाच दिशेने ओवलं तर बाहेर येतं. आधी वर, मग उलट फिरवून खाली ओवा, आणि पहिल्या धुण्यानंतरच कापा.