मदत हवी आहे: सॉनिक सीडीत भूतकाळात गेलं की भलतंच संगीत वाजतं

वेगोबा
मंडळी, जाम वैतागलोय. सॉनिक सीडी खेळतोय, सेगाचा १९९३चा गेम, ज्यात पाट्या ओलांडून भूतकाळात-भविष्यात जाता येतं. पहिल्या झोनमध्ये संगीत व्यवस्थित. पण 'पास्ट'ची पाटी ओलांडून, वेग धरून भूतकाळात गेलो की दुसऱ्याच कुठल्यातरी गेमचं वाटेल असं काहीतरी सुरू होतं. चाल वेगळी, वाद्यं वेगळी, आवाजही खरखरीत. वर्तमानात परत आलो की पुन्हा ठीक. भविष्यातही ठीक. डिस्कवरून फाईल पुन्हा काढली, एम्युलेटर (जुनं कन्सोल संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) बदलला, फरक शून्य. फाईल खराब आहे का? दुरुस्त कशी करायची? लवकर सांगा, पुढे खेळवत नाही.

आठबिट
कुठली आवृत्ती? मूळ डिस्क, नंतरची पीसीवाली की २०११ची नवी? आणि कुठल्या देशातली?

वेगोबा
डिस्कवरून काढली म्हटलं ना, म्हणजे मूळच. देशाचा काय संबंध? गेम तर एकच आहे.

रेट्रोराजा
एम्युलेटरच. डोळे झाकून सांगतो. कॅसलव्हेनिया ३ घ्या. जपानमध्ये १९८९ला फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या कन्सोलवर, आला तेव्हा कोनामीने कार्ट्रिजमध्येच व्हीआरसी६ ही चिप घातली होती. तिच्यामुळे तीन जादा चॅनेल, म्हणजे एकाच वेळी वाजणारे आणखी तीन आवाज, मिळाले, दोन पल्स आणि एक सॉटूथ लहरींचा. त्याच कन्सोलच्या अमेरिकेतल्या रूपात, एनईएसमध्ये, कार्ट्रिजमधून आलेला आवाज मिसळून घ्यायची सोयच नव्हती, म्हणून तिथे तेच संगीत पाच चॅनेलमध्ये कोंबावं लागलं. दोन्ही लागोपाठ ऐका, अंगावर काटा येतो. एम्युलेटरला जादा चिप जमली नाही की असाच घोळ होतो. माझं ऐका, एम्युलेटर बदला.

आठबिट
त्यांनी बदललाय, वर लिहिलंय. आणि तुमचं उदाहरण कार्ट्रिजचं आहे, इथे सीडी आहे. शिवाय चॅनेल कमी झाले तरी चाल तीच राहते. यांची चालच बदलतेय.

रेट्रोराजा
चिप ती चिप. सॉनिक सीडी ज्यावर चालतो त्या सेगाच्या मेगा-सीडी यंत्रातही आवाजाची चिप आहेच की.

सिग्नलतोडे
हे लायसन्सचं प्रकरण आहे. जीटीए सॅन अँड्रियासचं आठवा. २०१४मध्ये स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर अपडेट आलं आणि रेडिओवरची कितीतरी गाणी गायब. जीटीए ४मध्ये २०१८ला व्लादिवोस्तोक एफएमचंही तेच झालं. गाण्यांचे करार संपले की काढावीच लागतात. अपडेट बंद ठेवा आणि जुन्या ऑडिओ फोल्डरची प्रत जपून ठेवा. प्रत कशी बदलायची ते सविस्तर लिहू का?

वेगोबा
अहो, १९९३च्या डिस्कला अपडेट कुठून येणार? कृपया सॉनिकबद्दल बोला.

ध्वनिका
सिग्नलतोडे, करार संपल्याचं म्हणायचं तर क्रेझी टॅक्सी हे जवळचं उदाहरण. तोही सेगाचाच, २०१०मध्ये पुन्हा आला तेव्हा मूळची रॉक गाणी नव्हती. पण सॉनिक सीडीचं तसं नाही, इथे संगीत पहिल्या दिवसापासूनच दोन प्रकारचं होतं.
वेगोबा, एकच सांगा. डिस्कवर 'सेगा सीडी' छापलंय की 'मेगा-सीडी'?

वेगोबा
सेगा सीडी. त्याने काय होतं?

ध्वनिका
त्यानेच सगळं होतं. यंत्र एकच, अमेरिकेत नाव सेगा सीडी, जपान-युरोपात मेगा-सीडी. तुमची डिस्क उत्तर अमेरिकेतली आहे आणि तुमच्या फाईलमध्ये काहीही बिघाड नाही.

जपान आणि युरोपच्या डिस्कवर नाओफुमी हाताया आणि मासाफुमी ओगाता यांचं संगीत आहे. अमेरिकेसाठी सेगाच्या तिथल्या शाखेने स्पेन्सर निल्सन आणि डेव्हिड यंग यांच्याकडून नवं करून घेतलं. वर्तमान, चांगलं भविष्य आणि वाईट भविष्य यांचं संगीत डिस्कवर साध्या ऑडिओ ट्रॅकसारखं असतं. तो ट्रॅक काढून दुसरा ठेवला की काम झालं. भूतकाळाचं संगीत मात्र ट्रॅक नाही. ते गेमच्या डेटात नमुन्यांच्या, म्हणजे ध्वनीच्या छोट्या तुकड्यांच्या, रूपात आहे आणि मेगा-सीडीतली रिको कंपनीची आठ चॅनेलची पीसीएम चिप (असे तुकडे वाजवणारी) ते जागच्या जागी वाजवते. अमेरिकन आवृत्तीत त्याला हात लावलेला नाही. म्हणून तुम्ही वर्तमानात निल्सन ऐकता आणि पाटी ओलांडून मागे गेलात की हाताया-ओगाता.

खरखर का, तर सीडीच्या आवाजाला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, आणि या चिपकडे नमुन्यांसाठी स्मृती ६४ केबी. तेवढ्यात ढोल, बास, सूर सगळं बसवायचं.

खात्री करायची तर मूळ डिस्क साध्या सीडी प्लेयरमध्ये घाला आणि दुसऱ्या ट्रॅकपासून ऐका. पहिला ट्रॅक डेटाचा आहे, तो जुन्या प्लेयरवर लावू नका, कर्कश आवाजाने स्पीकर जायचा. बाकी सगळं सापडेल, भूतकाळ सापडणार नाही.

रेट्रोराजा
म्हणजे चिपच निघाली ना शेवटी! युरोपची डिस्क घ्या, प्रश्न मिटला.

आठबिट
युरोपची ५० हर्ट्झची, म्हणजे तिथल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा बदलतं. ६०च्या हिशोबाने बनवलेला गेम ५०वर जुळवून घेतला नसेल तर १७ टक्क्यांच्या आसपास हळू पळतो. ट्रॅक डिस्कवरून येतात, ते आपल्या गतीने वाजत राहतात आणि खाली सॉनिक रेंगाळतो. वेगाच्या गेममध्ये हे नको. जपानीच घ्यावी.

निशाचर
पण बदलायचंच कशाला? अमेरिकन संगीत जास्त गंभीर आहे, वाईट भविष्यात तर खरोखर भीती वाटते. मी त्यावरच वाढलो आणि मला तेच मूळ वाटतं. जपानी ऐकलं की कुठल्यातरी नाचाच्या कार्यक्रमात आल्यासारखं होतं.

ध्वनिका
निशाचर, निल्सनचं काम कमी दर्जाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण जपानी संगीतात प्रत्येक झोनची चाल काळाप्रमाणे रूप बदलते. पामट्री पॅनिकचा, म्हणजे पहिल्या झोनचा, भूतकाळ ऐका, मग वर्तमान, मग दोन्ही भविष्यं. ओळखीचा सूर कुठे साधा, कुठे उजळ, कुठे मोडकळीला आलेला. गेमचा विषयच काळ आहे आणि संगीत तो कानाने दाखवतं. अमेरिकन आवृत्तीत ही साखळी नेमकी भूतकाळापाशी तुटते. वेगोबांना काहीही माहीत नसताना ते खटकलं, यातच सगळं आलं.

निशाचर
साखळीचं मान्य. आवडीचं नाही.

आठबिट
वेगोबा, सगळ्यात सोपा मार्ग २०११ची आवृत्ती. पर्यायांमध्ये दोन्ही संगीतं आहेत, हवं ते लावा. फक्त जपानी शीर्षकगीत आणि शेवटचं गाणं तिथे शब्दांविना वाजतं. आणि अमेरिकन निवडलंत तर भूतकाळ तिथेही असाच, ती तक्रार घेऊन परत येऊ नका.

वेगोबा
डिस्क प्लेयरमध्ये घालून पाहिली. पहिल्या झोनचं वर्तमान मिळालं, दोन्ही भविष्यं मिळाली, भूतकाळ खरंच कुठेच नाही. ध्वनिका, मनापासून आभार. २०११ची लावून जपानी संगीतावर पहिल्यापासून खेळतो. एक राहिलं, बॉसच्या, म्हणजे झोनशेवटच्या मोठ्या शत्रूच्या, वेळीही असा सांधा येतो का?

ध्वनिका
नाही. बॉसचं संगीत दोन्हीकडे वेगवेगळं असलं तरी ऑडिओ ट्रॅकच आहे. आणि बॉस झोनच्या ज्या तिसऱ्या टप्प्यात येतो तो नेहमी भविष्यातच घडतो, तिथून मागे जाता येत नाही.