ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) अपग्रेड कधी मारता? अनुभव येऊ द्या

गोदाकाठ
काल मॅकवर वरच्या कोपऱ्यात ते 'अपडेट उपलब्ध'चं डबडं आलं आणि २०२५चा एप्रिल आठवला.

नांदेडातल्या एका क्लासचं अ‍ॅप माझ्याकडं आहे. २४ एप्रिलपासून अ‍ॅप स्टोअरवर काहीही चढवायचं तर ते एक्सकोड (अ‍ॅपलचं अ‍ॅप बांधायचं सॉफ्टवेअर) १६ वरच बांधलेलं पाहिजे, असा नियम लागला. एक्सकोड १६ला किमान मॅकओएस सोनोमा १४.५ लागतं. माझं मॅकबुक प्रो २०१७चं, ते सोनोमाच्या आधीच्या व्हेंच्युराच्या पुढं जातच नाही, आणि व्हेंच्युरावर एक्सकोडची गाडी १५.२ला थांबते. कोड चालतोय, सिम्युलेटर चालतोय, फक्त वर चढवता येत नाही! त्यात नीटचा मोसम. सरांचा रोज सकाळी फोन, "झालं का हो?" शेवटी सर्टिफिकेटची पी१२ फाइल (अ‍ॅपवर सही करायची किल्ली) पेनड्राइव्हवर घेतली आणि मित्राच्या एम१ चिपवाल्या मॅकवर जाऊन बसलो. त्याच्या घरचे झोपले, कूलर घरघरतोय, आणि मी कीचेनचा (मॅकच्या किल्ल्यांच्या तिजोरीचा) पासवर्ड आठवायलोय.

तेव्हापासून डबड्याकडं बघत नाही. स्टोअरची तारीख कधीची, त्याला कोणतं एक्सकोड, त्याला कोणती ओएस, असं उलट मोजत येतो. एप्रिल २०२६ पासूनचा नियम एक्सकोड २६चा, त्याला मॅकओएस सेक्वोया १५.६. तुमचं काय गणित? लिहा बिनधास्त.

मोंढा_नाका
आमच्यात आधी एकच मशीन अपग्रेड होतं. ज्याचं लग्न ठरलंय त्याचं. तसंही त्याचं लक्ष कामात नसतं 😄
सिरियसली, ओएस बदलली की रुबी, कोकोपॉड्स ही बांधणीची अवजारं, मग तो एखादा प्लगइन ज्याचा मालक गायब आहे, सगळं ओळीनं रुसतं. पहिला पॉइंट अपडेट (चुका दुरुस्त करणारा छोटा अपडेट) येईपर्यंत बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

बालाघाट
अँड्रॉइडवाल्यांना हा ताप नाही. गूगल प्लेनं ३१ ऑगस्ट २०२५ला टार्गेट एपीआय ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५) मागितलं, एसडीके (बांधणीची अवजारं) उतरवला, काम संपलं. ओएसला बोट लावलं नाही. उतरवायला मात्र गच्चीवर टाकीशेजारी बसावं लागलं, रेंज तिथंच.

जिंतूर_रोड
उबंटूवाले कुणी आहेत का इथं? सर्व्हरला नोड १८ (जावास्क्रिप्ट चालवणारं) टाकायला गेलो तर म्हणे जीलिबसी (लिनक्सची पायाभूत लायब्ररी) २.२८ सापडत नाही. उबंटू १८.०४ मध्ये २.२७ असतं. एका आकड्यानं अडवलं राव. बरं, थेट २२.०४ वर उडी मारता येत नाही, आधी २०.०४ची पायरी चढावी लागते. सर्व्हरआधी घरच्या मशीनवर करून बघू म्हटलं. निम्म्यात लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली. डीपीकेजी कॉन्फिगर (अर्धवट इन्स्टॉल पुरं करायची कमांड) चालवून वाचलं. आता अपग्रेडच्या आधी इन्व्हर्टर बघतो, बॅकअप मग.

मोंढा_नाका
@जिंतूर_रोड जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि लाईट दोन्हीकडं नाही 😂

जिंतूर_रोड
जर्मनीत आहे हो. आमचंच तेवढं बघा.

मोसंबी
जालन्याहून. माझं दुखणं वेगळंय. मला पुढं जायचंय, गिऱ्हाईक जाऊ देईना. मोंढ्यातल्या आडत्यांना हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करून दिलंय. निम्म्यांच्या गादीशेजारी अजून विंडोज ७. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच बंद केला, पण शेठला विचारा, "चालू हाय ना? मग कामून बदलायचं?" त्यांच्यापायी मी पायथन ३.८ वर अडकलोय, ३.९ पासून ते ७ वर चालतच नाही. माझ्या टेबलाखाली एक जुनं मशीन ७ वरच ठेवलंय, नेटची वायर काढून. प्रत्येक बिल्ड (बांधून तयार झालेलं सॉफ्टवेअर) आधी त्याच्यावर, मग बाजारात.
विंडोज १०चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी पिढी पाहिजे, शेठकडं सहावी. सोयाबीनला भाव आला की बघू, म्हणतेत.

बालाघाट
म्हणजे विंडोज ७ अमर आहे.

गोदाकाठ
@मोसंबी हे डोक्यातच आलं नव्हतं. इथं स्टोअर पुढून ओढतंय, तिथं शेठ मागून. नेटची वायर काढून ठेवलेलं मशीन आवडलं.

धाराशिवकर
मॅकवाल्यांना एक सांगतो. एपीएफएसमध्ये (मॅकच्या डिस्कच्या मांडणीत) वेगळा व्हॉल्यूम करा, नवी ओएस त्यात टाका. पार्टिशन पाडायची गरज नाही, जागा दोघांत सामाईक राहते. जुनी ओएस जिथल्या तिथं. नवीवर बिल्ड नीट निघाला की मगच घर हलवा. २५६ जीबीवाल्यांनी मात्र नाद सोडा, एक्सकोड आणि सिम्युलेटरच सगळं खाऊन बसतेत.

नवखा_लातूर
सेकंडहँड मॅक मिनी बघायलोय, इंटेलवाला स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

धाराशिवकर
नको. टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस, तीही मोजक्याच मॉडेलांवर. एम१ घे, रॅम १६ बघ. आणि नाहीच जमलं तर गिटहबच्या भाड्याच्या मॅकवर बिल्ड कर, बिल्डपुरतं तरी मशीन लागत नाही. गोदाकाठ, तुम्ही का नाही केलं तसं?

गोदाकाठ
आता तेच करतो. तेव्हा ते मांडत बसायला सरांनी सवड कुठं दिली.

मांजरा_काठ
उशिरा वाचतोय, लेकराला ट्यूशनला सोडून आलो. विषयाशी संबंध नाही, पण येळवसला (वेळा अमावस्येला) कोण कोण येतंय? शेतात कोप मांडून झालीय, भज्जी-आंबील भरपूर. रेंज अजिबात नाही, तेव्हा त्या दिवशी कुणी रिलीज ठेवू नका.

मोसंबी
मी येतो. शेठला सांगून ठेवतो, फोन लागणार नाही म्हणून.

जिंतूर_रोड
आंबील परभणीला पार्सल होते का?

मांजरा_काठ
होते की. गंगाखेडपर्यंत आंबेल तेवढीच.