फुले वाड्याशी बाग करायची तर कसली?

गंजपेठकर:
पुण्याच्या गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्याशी बाग करायची झाली तर कशी, यावरून काल टपरीवर जुंपली. अर्धवट राहिलेलं भांडण इथे आणतोय. माझं मत: लॉन, कारंजं, रंगीत दिवे यातलं काही नको. या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, पेशव्यांना फुलं पुरवता पुरवता 'फुले' झालं. त्यात सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त पिवळा चाफा, जाई, गुलाब यांवर कविता आहेत. झाडांची यादी आयतीच मिळाली. नर्सरीवाल्याला "काहीतरी शोभेचं द्या" म्हणायला नको.

खुरपं:
यादी आयती, जागा कुठली आणणार? सोनचाफ्याचं चांगलं उंच झाड होतं. जोत्याला खेटून लावलंत की मुळं काय करतात ते बघायला वीस वर्षांनी तुम्ही असणार का? आणि ११ एप्रिलला जयंतीला किती माणूस येतं! अंगण मोकळंच राहू द्या.

सिंहगडरोडी:
आमच्याकडे पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं. सुंदर आहे, रविवारी मीही जातो. पण त्या हिरवळीत पु. ल. शोधून दाखवा! त्यापेक्षा कवितेतला चाफा बरा.

खुरपं:
म्हणजे चाफ्याला कवितेची पाटी टांगली की साहित्य झालं?

गंजपेठकर:
पाटी नाहीच म्हणतोय मी. कलमी चाफा मोठ्या कुंडीत, जाई मांडवावर, मधलं अंगण मोकळं. गर्दीचं म्हणणं मान्य. माझा खरा हट्ट पाण्याचा आहे. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणून बागेत शिरताच आधी पिण्याच्या पाण्याचा नळ हवा, मग फुलं. आणि खाली सिमेंटचे ब्लॉक नकोत. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) ताली-बंधारे घालून पाणी मुरवा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या दारातलं पावसाचं पाणी गटारात जावं?

खुरपं:
वाड्याच्या दारात पाणी मुरवणार? भिंतीला ओल चढली की चुना पोपडे धरतो. मुरवा, पण भिंतीपासून लांब, उतार बाहेरच्या बाजूला काढून. 'असूड' शेताबद्दल आहे हो, पेठेतल्या भिंतीबद्दल नाही.

गंजपेठकर:
उतार बाहेर, कबूल. गुलाबही सोडतो, ऊन पुरायचं नाही.

सिंहगडरोडी:
जाई तोडायला देणार का लोकांना? फुलं विकणाऱ्यांच्या घरी 'फुले तोडू नयेत' ही पाटी म्हणजे कमालच.

खुरपं:
द्या ना. आठवड्यात मांडवाचे नुसते बांबू उरतील.

गंजपेठकर:
संध्याकाळी माळ्यानेच कळ्या खुडायच्या आणि येणाऱ्याच्या हातावर ओंजळभर ठेवायच्या.

खुरपं:
आणि त्या माळ्याचा पगार?